मुलांना गवंडी करायचंय का?

पंधरा दिवसांपूर्वी आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर वाद पेटला. एका आर्किटेक्चर कॉलेजने पहिल्या वर्षाच्या मुलांना सत्रभर विटांच्या भिंती बांधायला लावल्या, आणि त्यांच्या गटात सिव्हिलची मुलंही घातली. ‘एवढी फी भरून मुलांना गवंडी करायचंय का?’ एका वर्गमित्राने लिहिलं. दुसरा म्हणाला, जग बीआयएम (इमारतीचं संगणकावरचं मॉडेल) आणि एआयकडे चाललंय आणि हे हातात थापी देतायत. मी कॉलेजची बाजू घेतली, तर उत्तर आलं, ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जातं!’

ते मनातून जात नाही, म्हणून हे लिहितेय.

‘गवंडी’ हा शब्द तिथे शिवीसारखा आला, आणि त्यावर एकानेही हरकत घेतली नाही. इथे जर्मनीत, डॉर्टमुंडला, माझ्या ऑफिसातले निम्मे लोक फोरप्राक्टिकुममध्ये, म्हणजे शिक्षणाआधीच्या उमेदवारीत, साइटवर राबून आलेले आहेत. एक जण आधी सुतारकीची आउसबिल्डुंग, म्हणजे रीतसर कारागिरीचं प्रशिक्षण, करून मग आर्किटेक्ट झाला. लाकडी छताचा प्रश्न आला की वरिष्ठही त्याच्याच टेबलापाशी जातात. आपल्याकडे असा माणूस मुलाखतीत ही गोष्ट लपवेल.

मी स्ट्रक्चरल इंजिनिअर. भारतातल्या पहिल्या नोकरीत मी एका बीम-कॉलमच्या जोडाचं ड्रॉइंग केलं. गणित बरोबर होतं, सळ्यांचं क्षेत्रफळ बरोबर होतं. साइटवर त्या जोडात इतकी दाटी झाली, की वीस मिलिमीटरची खडी आत उतरेना. कामगारांनी काँक्रीटमध्ये पाणी वाढवलं. पाणी वाढलं की ताकद घटते, हे मला परीक्षेत लिहिता येत होतं, म्हणून मी त्यांच्यावर ओरडले. साचा काढल्यावर जोडात पोकळ्या दिसल्या, आणि चूक माझ्या कागदावर होती हे समजायला मला आणखी दोन वर्षं लागली. शिकत असताना एकदा जरी अशा जोडात स्वतः काँक्रीट ठासलं असतं, तरी ते ड्रॉइंग मी तसं काढलंच नसतं.

इथल्या विद्यापीठात आर्किटेक्चर आणि सिव्हिलची मुलं एकाच विभागात शिकतात आणि गटाने एकच इमारत उभी करतात, कागदावर का होईना. ‘डॉर्टमुंडर मोडेल’ नावाचं हे एकत्र शिक्षण सत्तरच्या दशकापासून चालू आहे. श्टेफान पोलोनी हा इंजिनिअर ते घडवणाऱ्यांपैकी एक. मध्यंतरी एका गटाचं सादरीकरण मी पाहिलं. आर्किटेक्ट मुलाने वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीपासून साठ सेंटिमीटर सरकवली होती, खिडकीतून झाडं दिसावीत म्हणून. सिव्हिलची मुलगी म्हणाली, मग तो भार खाली न्यायला खोल बीम लागेल. बीम खोल झाला तर हवेचा डक्ट कुठून जाणार? तीन आठवडे त्यांनी एवढ्यावरच घालवले होते, आणि शेवटी जिना हलवला. भिंत राहिली, झाडंही राहिली. मी त्यांच्या वयाची असताना आर्किटेक्चरचा एकही विद्यार्थी ओळखत नव्हते.

यात आपल्या मुलांचा दोष नाही. १९७२च्या वास्तुविशारद कायद्याने आर्किटेक्टांची वास्तुकला परिषद वेगळी झाली. इंजिनिअरिंग एआयसीटीईकडे, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेकडे. आर्किटेक्चरच्या शिक्षणावर हुकूम कोणाचा, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१९मध्ये वास्तुकला परिषदेच्या बाजूने निकाल लागला. निकाल योग्यच असेल. पण दोन शाखांची मुलं एका टेबलाशी कशी बसतील, हे ठरवणं कोणाचंच काम उरलं नाही.

आणि आपल्याला हे जमत नाही, असं मला कोणी सांगू नये. त्याच १९७२ साली म्युनिकच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर बेनिश व फ्राय ओटो हे आर्किटेक्ट आणि लेओनहार्टच्या कंपनीचे इंजिनिअर यांनी ते तंबूसारखं छत चढवलं, आणि त्याच साली दिल्लीत आर्किटेक्ट राज रेवल आणि इंजिनिअर महेंद्र राज यांनी हॉल ऑफ नेशन्स हा प्रदर्शनाचा हॉल उभा केला. तो म्हणजे एक स्पेस फ्रेम, त्रिकोणांत जोडलेल्या दांड्यांचा सांगाडा. असा सांगाडा सहसा स्टीलचा करतात. आपल्याकडे स्टील परवडणारं नव्हतं, म्हणून या दोघांनी तो काँक्रीटचा केला, जागेवर ओतून, मजुरांच्या हातांनी. आर्किटेक्ट, इंजिनिअर आणि गवंडी एकत्र असल्याशिवाय ते झालंच नसतं. सॉफ्टवेअरवाल्यांसाठी एवढंच सांगते, की म्युनिकचं छत आधी जाळी आणि तारांच्या मॉडेलवर शोधलं गेलं. मॉडेलवरची मापं पुरेनात, तेव्हा त्यासाठी संगणकाच्या नव्या पद्धती घडवल्या गेल्या. म्युनिकचं छत आजही उभं आहे. हॉल ऑफ नेशन्स २०१७मध्ये पाडला. ऑफिसातल्या लोकांना मी त्याचे फोटो दाखवते तेव्हा अभिमान वाटतो, आणि ‘आता पाहायला कधी जाता येईल?’ असं कोणी विचारलं की घसा दाटतो.

आता ‘तुला तिकडे बसून बोलायला काय जातं’ या वर्गमित्राच्या वाक्याबद्दल. जर्मनीत पहिल्याच महिन्यात साइटवरच्या पोलियरने, म्हणजे मुकादमाने, माझ्या हातात दोरीला बांधलेलं वजन दिलं आणि म्हणाला, ‘लोट’. गेल्या वर्षी सुट्टीवर आले असताना एका बांधकामावर गवंड्याशी बोलत होते. भिंत किंचित झुकल्यासारखी वाटली. मला तेच वजन मागायचं होतं आणि मराठी शब्द आठवेना. तोंडात ‘लोट’ आला, तो गिळून मी ‘प्लंब बॉब’ म्हटलं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग समजून म्हणाला, ‘ओळंबा व्हय, ताई?’ आणि पिशवीतून काढून दिला.

ओळंबा, काटकोन तपासायचा गुण्या, सपाटी पाहायची पाणसळ. माझ्या शिक्षणात यातला एकही शब्द वर्गात उच्चारला गेला नव्हता. नोकरीत हे शब्द कानावर पडायचे, पण ती ‘त्यांची’ भाषा होती, शिकून घ्यावीशी मला वाटली नाही. म्हणजे त्या भिंतीपासून मी लांब गेले ती विमानात बसल्यावर नव्हे. वर्गमित्राला हे मी अजून लिहिलेलं नाही.

डिसेंबरच्या सुट्टीत आठवडाभर मुलांबरोबर भिंत बांधायला येऊ का, असं त्या कॉलेजला पत्र लिहून विचारलंय. उत्तराची वाट पाहतेय.