‘जितकी जुनी तितकी मोलाची’ हे लाखेच्या तबकड्यांना लागू पडत नाही

गेल्या काही महिन्यांत रत्नागिरी-सिंधुदुर्गातील अनेक घरांत एक मजकूर मोबाइलवरून फिरतो आहे. माळ्यावर ग्रामोफोनच्या जुन्या, लाखेपासून केलेल्या तबकड्या पडून असलेल्यांना त्यात सल्ला दिलेला आहे. तबकडी जितकी जुनी तितकी मोलाची. खरे संग्राहक 1925 पूर्वीचे, भोंग्यासमोर गायलेले शास्त्रीय गाणेच घेतात. नाट्यपदे, भावगीते, भजने आणि सिनेमातील गाणी ही सारी भरताड. खरखर हे अस्सलपणाचे लक्षण. आणि कोकणच्या दमट हवेत लाख टिकत नसल्यामुळे तबकड्या स्पिरिटने पुसून पावसाळ्यापूर्वी विकून टाकाव्यात, असा त्याचा सारांश आहे. मी वीसेक वर्षे या तबकड्या जमवतो आणि ऐकतो. हा मजकूर वाचून माझ्या ओळखीच्या एका घराने पदांचा आणि भजनांचा आख्खा खोका भंगारवाल्याला देऊन टाकला, म्हणून त्यातील एकेका मुद्द्याला उत्तर देणे मला भाग आहे.

प्रथम वयाचा मुद्दा घेतो. ग्रामोफोन कंपनीने भारतात पहिले ध्वनिमुद्रण नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्यात केले आणि गायिका गौहर जान यांचा आवाज त्याच मुक्कामात मुद्रित झाला. तबकड्या तेव्हा जर्मनीतील हॅनोवर येथे छापल्या जात. कलकत्त्यात सियालदह येथे कारखाना 1908 मध्ये निघाला. त्या पहिल्या काळातील मूळ प्रती दुर्मिळ आहेत, यात वाद नाही. परंतु जे गाणे खपले ते त्याच साच्यांवरून पुढे कित्येक वर्षे छापले जात राहिले, त्यामुळे गाणे केव्हा गायले गेले आणि हातातील प्रत केव्हा छापली गेली हे दोन निरनिराळे प्रश्न ठरतात. जाणकार माणूस म्हणूनच आधी लेबलाची घडण पाहतो आणि मग लेबलालगतच्या गुळगुळीत कड्यात उमटलेला बारीक क्रमांक उजेडात तिरपा धरून वाचतो. उलट टोकाचे उदाहरणही आहे. युरोप-अमेरिकेत मिनिटाला 78 फेऱ्यांच्या या लाखेच्या तबकड्या 1960 च्या सुमारास बंद झाल्या, मात्र आपल्याकडे वीज नसलेल्या गावांत चावीचे ग्रामोफोन चालू होते, म्हणून लाखेची छपाई पुढेही होत राहिली. त्याच काळात भारतात पार्लोफोनच्या लेबलाखाली छापलेल्या बीटल्स या इंग्लिश वाद्यवृंदाच्या 78 फेऱ्यांच्या तबकड्यांसाठी आज जगभरचे संग्राहक झटतात. त्या साठच्या दशकातील आहेत. वयाच्या हिशेबाने त्यांना काहीच किंमत यायला नको होती.

भोंग्यासमोरचे गाणे अधिक शुद्ध, हा दुसरा मुद्दा. त्या पद्धतीत गायक भोंग्याच्या तोंडाशी उभा राहून आवाज फेकत असे, त्या आवाजाच्या धक्क्याने पडदा हलत असे आणि पडद्याला जोडलेली सुई मेणावर चर कोरत असे. मधल्या पट्टीतील आवाज तेवढा त्यात सापडे; तंबोरा जवळजवळ नाहीसा होई आणि तबल्याचा डग्गा नुसता ठोकल्यासारखा वाजे. 1925 पासून मायक्रोफोन आला, तेव्हा कुजबुजीसारखा लगावही चरात उतरू लागला. मिरजेच्या अब्दुल करीम खाँ यांनी दोन्ही काळांत ध्वनिमुद्रणे दिली आहेत, आणि संग्राहक जिवापाड जपतात ती त्यांच्या अखेरच्या वर्षांतील, मायक्रोफोनसमोरची. गोव्यातील केरी गावच्या केसरबाई केरकर यांची जी भैरवी 1977 मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळात गेली, तीही मायक्रोफोनच्याच काळातील आहे.

भोंग्याच्या काळातील तबकड्या मलाही प्रिय आहेत, मात्र त्या नीट ऐकायच्या तर एक खबरदारी घ्यावी लागते आणि त्या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. त्या वेळी फेऱ्यांचे प्रमाण ठरलेले नव्हते. मिनिटाला 70 फेऱ्यांवर मुद्रित झालेली तबकडी 78 फेऱ्यांवर लावली, तर पेटीच्या पांढरी एक या पट्टीत गाणाऱ्याचा षड्ज पांढरी दोनच्या जवळ जातो, लय धावते आणि भारदस्त आवाज पोरकट वाटू लागतो. कितीतरी जुन्या गवयांविषयी ‘आवाज बारीक होता’ असे जे मत झाले आहे, त्याच्या मुळाशी ही चुकीची गती असावी असे मला वाटते. पेटी शेजारी ठेवून गती हळूहळू उतरवत न्यावी आणि गळा माणसाचा वाटू लागला की थांबावे.

आता तिसरा मुद्दा, ज्याने खरे नुकसान केले. नाट्यपदे भरताड आहेत असे कोकणात बसून कोणी लिहावे, याचे मला फार वाईट वाटते. ‘संन्यस्त खड्ग’ हे 1931 चे नाटक घ्या. ते लिहिणारे सावरकर तेव्हा रत्नागिरीत स्थानबद्ध होते, संगीत देणारे रामकृष्णबुवा वझे सावंतवाडी संस्थानातले आणि पदे गाणारे दीनानाथ मंगेशकर मंगेशीचे. वझेबुवा हे ग्वाल्हेरची तालीम घेतलेले पट्टीचे ख्यालगायक होते; त्यांच्या चाली दीनानाथांच्या गळ्यातून ऐकताना शास्त्रीय गाणे कुठे संपते आणि नाट्यपद कुठे सुरू होते, याची रेघ कोणी मारून दाखवावी. ‘स्वयंवर’ (1916) या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखले यांच्या. त्या बालगंधर्वांच्या तबकड्यांमधून घरोघरी पोचल्या. ज्याला राग-संगीत हवे आहे, त्याने ही पदे बाजूला टाकून चालतच नाही.

बालगंधर्वांच्या तबकड्या उदंड मिळतात म्हणून त्यांना मोल नाही, असे म्हणणारेही भेटतात. त्या उदंड मिळतात हे खरे, परंतु त्या कशा मिळतात हेही पाहावे. लाखेच्या मिश्रणात दगडाची बारीक पूड घातलेली असते, जेणेकरून लोखंडी पिन घासून चराच्या आकाराची व्हावी. पिन दर बाजूला बदलायची असते. लोक आवडीचे पद एकाच पिनीवर दहा वेळा ऐकत आणि बोथट झालेली पिन चर पोखरत जाई. अशी तबकडी खिडकीशी तिरपी धरली, तर काळ्या चकाकीऐवजी राखाडी पट्टा दिसतो, आणि तो नेमका तान येते त्याच जागी असतो. म्हणजे सर्वांत लाडक्या पदाची काळीभोर, न झिजलेली प्रत ही सर्वांत अवघड वस्तू ठरते. ती ज्या घरात सापडेल, त्या घराने भरताड हा शब्द ऐकूही नये.

भजने, कीर्तनाचे तुकडे, विनोदी संवाद, मुंबईच्या तियात्र (कोकणी संगीत नाटक) कलावंतांची कोकणी गाणी यांच्याकडे बरेच संग्राहक पाठ फिरवतात, हे मला मान्य आहे. ती त्यांची आवड झाली, आणि आवडीवरून भांडू नये. मात्र जे कोणी जपत नाही त्याच्या प्रती आधी संपतात. नामवंत गवयांची गाणी पुढे लाँग प्ले तबकड्यांवर आणि कॅसेटवर आली. या गाण्यांपैकी कित्येकांची दुसरी प्रत काढण्याची तसदी कोणी घेतलीच नाही. वेंगुर्ल्याच्या एका घरात मला एक भजनाची तबकडी मिळाली, तिच्या लेबलावरचे नाव बुरशीने खाल्लेले आहे. त्या आवाजाचा धनी मला अजून सापडलेला नाही, आणि माझ्या कपाटातील ती मला सर्वांत जवळची आहे.

खरखरीविषयी थोडेच लिहितो. थोडी खरखर त्या दगडी पुडीची असते आणि उरलेली झिजेची, मळाची किंवा चुकीच्या सुईची. लाखेच्या तबकडीचा चर लाँग प्ले तबकडीच्या चराच्या साधारण तिप्पट रुंद असतो. बारीक सुई त्यात तळाला जाऊन धूळ उकरते. योग्य सुई लावली की निम्मा गोंगाट जातो. त्याला अस्सलपणा म्हणता येत नाही.

शेवटचा मुद्दा हवेचा आणि स्पिरिटचा. आपल्या दमट हवेत बुरशी धरते ती मुख्यतः लेबलाच्या कागदाला, पाकिटाला आणि चरातील तेलकट मळाला. वाळवीही कागदच शोधत येते. लाख स्वतः ओलीला सहसा दाद देत नाही. तिला भय आहे ते उष्णतेचे, वजनाचे आणि आपटण्याचे. तबकड्या कौलांखालच्या तापणाऱ्या माळ्यावर आडव्या रचू नयेत. भिंतीपासून सुटे ठेवलेल्या कपाटात त्या उभ्या ठेवाव्यात आणि जुनी कुजकी पाकिटे काढून टाकावीत. धुवायच्या झाल्यास कोमट पाण्यात सौम्य साबणाचा थेंब टाकून, लेबल कोरडे ठेवून, चराच्या दिशेने मऊ कापड फिरवावे आणि सावलीत वाळवावे. कडेला टवका उडालेला असेल, तर तेथून पाणी आत शिरते, म्हणून त्या जागेला ओल लावू नये.

स्पिरिटचा सल्ला मात्र सरळ घातक आहे. सुतार फर्निचरला पॉलिश करताना चपडा स्पिरिटमध्ये विरघळवतो, हे आपल्याकडे कोणालाही ठाऊक असते. तबकडीतील लाख तीच. शेजारच्या एका काकांनी तो मजकूर वाचून दीनानाथांची एक तबकडी पुसायला घेतली. कापूस काळा झाला तसा मळ निघतो आहे असे त्यांना वाटले आणि त्यांनी आणखी जोर लावला. मी पोचलो तेव्हा एका बाजूवर बोटभर रुंदीचे धुरकट कडे उठले होते आणि हात लावला तर ते चिकट लागत होते. दुसरी बाजू त्यांनी अजून पुसली नव्हती. ती आजही स्वच्छ वाजते. पुसलेल्या बाजूवर पदाच्या पहिल्या दोन ओळी ऐकू येतात आणि नंतर पिन त्या कड्यात शिरते.