दोरी ढकलते तेव्हा

दहा किलोचा ठोकळा, छताला बांधलेल्या दोन दोऱ्या, एक आडव्या रेषेशी 30 अंशांवर आणि दुसरी 60 वर, आणि ठोकळा आपला निवांत लटकलेला. भाची म्हणाली, "मामा, दोन्ही दोऱ्यांचं टेन्शन, म्हणजे त्यांच्यातला ताण, काढून दे ना." म्हटलं आण इकडे, जे हलतच नाही त्यात काढायचं काय डोंबल! वजन 98 न्यूटन, दोऱ्या दोन, म्हणजे 49-49. तिने असं काही बघितलं की मी गुपचूप कागद पुढे ओढला.

फ्री बॉडी डायग्राम म्हणजे ठोकळ्याचा एक ठिपका नि त्यावरच्या बळांचे तीन बाण, इतपत चित्रकला मलाही येते. आडव्या बळांची बेरीज शून्य, उभ्यांची शून्य, झाली दोन समीकरणं. "आडव्याला कॉस" हे शाळेपासून पाठ आहे, पण कोन उभ्या रेषेपासून दिला असेल तर सगळं उलटं होतं हे मला दर वेळी नव्याने कळतं. इथे सुदैवाने आडव्यापासूनच होता, त्यामुळे छाती फुगवून कॅल्क्युलेटर बडवला आणि 30 वाल्या दोरीचं उत्तर आलं उणे 104.

म्हणजे दोरी ठोकळ्याला चक्क ढकलतेय!! दोरीला बिचारीला ओढण्यापलीकडे काही येत नाही, हे मला कळत होतं हो. अर्धा तास चिन्हं तपासली, बाण उलटे केले, दोनदा कागद बदलला, ठोकळा तेवढा जागचा हलला नाही. शेवटी भाचीने कॅल्क्युलेटरच्या कोपऱ्यातला इवलासा 'रॅड' दाखवला, म्हणजे तो कोन अंशांऐवजी रेडियनमध्ये धरत होता. साइन 30 म्हणजे अर्धा हे झोपेतही सांगेन असा मी, उणे 0.988 लिहून शांतपणे पुढे गेलो होतो.

खरी उत्तरं : 60 वालीत 84.9 आणि 30 वालीत 49. "बघ, 49 माझं आधीच आलं होतं!" म्हटलं, पण ते कुणी मोजायला तयार नाही.

पण 98 च्या ओझ्याला दोघींत मिळून 134 कशाला? तर म्हणे दोऱ्या एकमेकींनाही आडव्या ओढत बसतात. दोन्ही 5 अंशांवर आणल्या तर प्रत्येकीत 562, आणि पार आडव्या केल्या तर ओझं पेलणारच नाही, कितीही ओढा. आणि मी इतकी वर्षं कपड्यांच्या दोरीचा झोळ जावा म्हणून ती ताणतोय आणि खिळा उपटून आला की खिळ्याला शिव्या घालतोय.