हेस्टिंग्ज जिंकलं आणि संध्याकाळी विल्यम राजा? नाही हो, असं झालं नाही

एक मेसेज सगळीकडे फिरतोय की १४ ऑक्टोबर १०६६ ला हेस्टिंग्जला इंग्लंडचा राजा हॅरल्ड पडला आणि त्याच दिवशी इंग्लंड नॉर्मन लोकांचं, म्हणजे फ्रान्समधल्या नॉर्मंडीचा सरदार विल्यम आणि त्याच्या माणसांचं झालं. लढाईची तारीख बरोबर, हॅरल्ड मेला हेही बरोबर, पण पुढचं पार चुकीचं आहे. हॅरल्ड गेल्यावर लंडनमधल्या सरदार आणि बिशप मंडळींनी विल्यमला नाही तर एडगर एथलिंगला राजा निवडलं, हा पोरगा म्हणजे आधीचा राजा एडवर्डच्या सावत्र भावाचा नातू, वय जेमतेम चौदा-पंधरा, पण रक्ताने बघितलं तर गादीवर सगळ्यात पक्का हक्क त्याचाच (हॅरल्ड तर एडवर्डचा नुसता मेव्हणा!). बिचाऱ्याचा राज्याभिषेक काही झालाच नाही. विल्यम थेट लंडनवर न जाता गावं जाळत लांबून फिरला, वॉलिंगफर्डला थेम्स ओलांडली आणि मग एकेक मोठी माणसं शरण यायला लागली, बर्कहॅमस्टेडला तर स्वतः एडगरच. मुकुट मिळाला २५ डिसेंबरला, वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये. तिथेही गोंधळ, आतला जयघोष ऐकून बाहेरच्या नॉर्मन पहारेकऱ्यांना वाटलं दंगा झाला, त्यांनी आजूबाजूची घरंच पेटवली.

आणि तरी देश शांत नव्हताच. एक्सेटर, यॉर्क, बंडं चालूच, १०६९-७० च्या हिवाळ्यात तर विल्यमने उत्तरेत पिकं, गुरं, गावं सगळं जाळून लोकांना उपाशी मारलं. त्यामुळे मेसेज फॉरवर्ड करायचाच असेल तर ‘त्याच दिवशी’ तेवढं काढा.