आठ सेकंदांचं लक्ष आणि दोन तासांचा पेपर

गेल्या काही महिन्यांत एकच मेसेज मला वेगवेगळ्या ग्रुपवर पाच वेळा आला. शिक्षकांच्या ग्रुपवर, कंपन्यांमध्ये ट्रेनिंग देणाऱ्यांच्या ग्रुपवर, अगदी आमच्या सोसायटीच्याही. ‘मोठ्या माणसांना ऑनलाइन शिकवताय? मग हे वाचाच.’ मजकूर थोडक्यात असा: माणसाचं लक्ष आता आठच सेकंद टिकतं, सोनेरी माशाचं नऊ, म्हणून व्हिडिओ तीन मिनिटांच्या वर नेऊ नका. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २०, पाहिलेलं ३० आणि स्वतः केलेलं ९०, म्हणून वाचायला काही देऊ नका. प्रत्येकाची शिकण्याची शैली ओळखून धडा बनवा. चाळिशीनंतर नवीन काही डोक्यात शिरत नाही, तेव्हा सगळं खेळासारखं करा, गुण द्या, बिल्ले द्या, नंबर लावा. आणि एवढं करूनही शंभरातले तीन-चारच शेवटपर्यंत टिकतात, कारण मोठी माणसं मुळात गंभीर नसतात.

मी पुण्यात सतरा नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देण्याचा, फॉर्म भरून दहावीला बसणाऱ्या मोठ्या माणसांना गणित शिकवते. वर्ग ऑनलाइन, रात्री सव्वानऊला. सव्वानऊ का, तर त्याआधी कुणाची भांडी आवरलेली नसतात आणि चाकणहून सुटलेली कंपनीची बस पोचलेली नसते. मेसेजचं शेवटचं वाक्य वाचून मला राग आला, तो अजून गेलेला नाही. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘लक्ष आठ सेकंद.’ हा आकडा जगभर पसरला तो मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेने २०१५ मध्ये काढलेल्या जाहिरातदारांसाठीच्या एका अहवालामुळे. त्यात २००० साली बारा सेकंद आणि २०१३ साली आठ, असा आलेख होता. आकडे कंपनीने स्वतः मोजलेले नव्हते, आकडेवारी गोळा करणाऱ्या एका वेबसाइटवरून घेतले होते. पत्रकारांनी मागोवा घेतला तेव्हा त्यामागे एकही प्रयोग सापडला नाही. माशाच्या नऊ सेकंदांचंही तेच. शिवाय ‘लक्षाची लांबी’ अशी माणसागणिक एक ठरलेली पट्टी नसतेच. समोर काय आहे, ते कशासाठी हवंय आणि आजूबाजूला काय चाललंय, यावर ते ठरतं.

माझ्या वर्गातल्या बायका आठ सेकंदांत ढळत नाहीत. त्यांना आठ मिनिटांनी हाक येते. सासूबाईंची गोळी, मुलाचं दप्तर, दारात पाण्याचा टँकर. त्यांचं लक्ष शाबूत आहे, वेळ तुटका आहे. हा फरक नुसता शब्दांचा नाही, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. लक्ष कमी मानलं की आपण धड्यात चमचमाट वाढवतो, मागे संगीत लावतो, दर दहा सेकंदांनी चित्र बदलतो. वेळ तुटका आहे हे मानलं, की धडा कुठेही थांबवता येईल आणि परत आल्यावर कुठून सुरू करायचं ते पहिल्या नजरेत कळेल, अशी सोय करतो. मी प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक ओळ लिहिते: ‘इथपर्यंत झालं असेल तर वहीत उदाहरण ३ पूर्ण दिसलं पाहिजे.’ एवढ्या एका ओळीने जे साधलं, ते माझ्या आधीच्या रंगीत स्लाइडनी कधी साधलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मेसेजवाले विसरतात. या माणसांना मार्चमध्ये परीक्षा केंद्रावर बसून गणित भाग १ चा चाळीस गुणांचा पेपर दोन तासांत सोडवायचा असतो. वर्षभर तीन-तीन मिनिटांचे घास भरवले तर त्या दोन तासांची सवय कुठून येणार? म्हणून डिसेंबरपासून आम्ही दर रविवारी दुपारी कॅमेरा वहीकडे वळवून, एकही शब्द न बोलता, आधी चाळीस मिनिटं, मग तास, मग पूर्ण पेपर सोडवतो. पहिल्या रविवारी सगळ्यांचे हात दुखतात. डोकं दुखण्याच्या कितीतरी आधी हात दुखतो, कारण वीस वर्षं सलग लिहिलेलंच नसतं.

तीन मिनिटांच्या व्हिडिओमागे मात्र थोडं खरं आहे, ते नाकारत नाही. २०१४ साली एडएक्स या ऑनलाइन कोर्सच्या वेबसाइटवरच्या चार कोर्समधले, व्हिडिओ पाहण्याचे ६९ लाख प्रसंग तपासले गेले, आणि व्हिडिओ कितीही लांब असला तरी निम्मे लोक सहा मिनिटांच्या आतच थांबत होते असं दिसलं. पण तिथे मोजलं गेलं ते किती वेळ पाहिलं हे. किती शिकले हे नाही. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगांतूनही धड्याचे तुकडे करून, पुढे जायचं बटण शिकणाऱ्याच्या हाती दिलं तर समज वाढते असं दिसतं. त्याचं कारण डोक्यात एका वेळी मावणाऱ्या गोष्टी मोजक्या असतात, मग माणूस पंधरा वर्षांचा असो की पन्नास. वर्गसमीकरणाचे अवयव पाडण्याचं एक पूर्ण उदाहरण अकरा मिनिटं घेत असेल तर अकरा घ्यावीत. ते मध्ये कापलं तर दुसऱ्या तुकड्यात बसणारा माणूस मधलं पद कसं फोडलं ते शोधत बसतो.

आता ‘वाचलेलं १०, केलेलं ९०’ अशा टक्क्यांचा तो मनोरा. पूर्ण तक्त्यात १०, २०, ३०, ५०, ७०, ९० असे आकडे असतात. इतके गोल आकडे कुठल्या खऱ्या मोजणीतून आले असतील, हा प्रश्न गणित शिकवणारीला सगळ्यांत आधी पडायला हवा होता. मला पडला नव्हता. मीही एकदा तो तक्ता सहकाऱ्यांना दाखवलेला आहे. एडगर डेल या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञाने १९४६ मध्ये ‘अनुभवाचा शंकू’ मांडला. प्रत्यक्ष अनुभव तळाशी, शब्दांसारखी अमूर्त चिन्हं टोकाला, अशी ती मांडणी होती. त्यात एकही टक्केवारी नव्हती. टक्के नंतर कुणीतरी चिकटवले आणि डेलच्या नावाने फिरले.

यात नुकसान काय? ‘वाचायला देऊ नका’ हा सल्ला. जी बाई सातवीत शाळा सोडून आता दहावीचा प्रश्न स्वतः वाचून उलगडणार आहे, तिच्याकडून वाचनच काढून घ्यायचं? माझे निम्मे विद्यार्थी गणितात अडत नाहीत, प्रश्नाच्या भाषेत अडतात. ‘खालील सारणीत दिलेल्या वारंवारता वितरणावरून मध्यक काढा’ हे वाक्य मोठ्याने वाचून, ‘म्हणजे काय करायचं ते तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारते तेव्हा खरा वर्ग सुरू होतो.

लक्षात कसं राहतं याबद्दल खरं माहीत असलेलं पुष्कळ आहे, आणि त्यासाठी मनोरा लागत नाही. हर्मन एबिंगहॉस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं, नंतर मंदावतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर दोनदा वाचणारे पुढे: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने विचारलं तर उलट, आठवून लिहिणारे ५६ आणि नुसते वाचणारे ४२. ऑनलाइन धडे बनवणाऱ्यांनी हे चार आकडे समोर ठेवावेत. धडा संपल्यावर लगेच ‘समजलं ना?’ विचारलं तर सगळे हो म्हणतात, आणि ते खोटं बोलत नसतात. पाच मिनिटांपुरतं ते खरंच समजलेलं असतं.

म्हणून माझा वर्ग तीन प्रश्नांनी सुरू होतो, वही बंद. एक परवाच्या धड्यावरचा, एक गेल्या आठवड्याचा, एक महिनाभरापूर्वीचा. उत्तर वहीच्या मागच्या पानावर लिहायचं, कुणाला दाखवायचं नाही. ज्यांची बस उशिरा पोचते त्यांना तेच प्रश्न व्हॉट्सअॅपवर माझ्या आवाजात जातात. ते बसमध्ये ऐकतात, मनात उत्तर काढतात आणि तसाच व्हॉइस मेसेज परत पाठवतात, मागे हॉर्न वाजत असतो. दिवसाचा दीड जीबी डेटा रात्रीपर्यंत मुलांनी संपवलेला असतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाचा आवाज पोचतो आणि पंचवीस मिनिटांचा व्हिडिओ पोचत नाही.

इथेच ‘शिकण्याच्या शैली’चा मुद्दा निकालात काढते. कुणी ऐकून शिकणारा, कुणी पाहून, कुणी करून, आणि त्यानुसार धडा दिला तर जास्त शिकतो, असा दावा आहे. २००८ मध्ये पॅशलर हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासलं आणि या दाव्याला आधार देणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. बसमधल्यांना मी आवाजी प्रश्न पाठवते ते त्यांच्या बसमुळे, त्यांच्या मेंदूच्या जातीमुळे नाही. भूमिती सगळ्यांनाच काढून बघावी लागते.

चाळिशीनंतर डोक्यात शिरत नाही, हा मुद्दा मला सगळ्यात जास्त लागतो. झटपट प्रतिसादाचा वेग वयाबरोबर कमी होतो, हे खरं. पण सगळ्या क्षमता एकाच वयात शिखरावर नसतात. शब्दसंपत्तीसारख्या काही साठीपर्यंत वाढत राहतात. शिवाय मोठं माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही.

अंकगणिती श्रेढी शिकवत होते. पहिल्या महिन्यात ५० रुपये, मग दर महिन्याला १० रुपये जास्त, तर बारा महिन्यांत एकूण किती? सूत्र मी अजून लिहिलंही नव्हतं. बचत गटाचा हिशेब ठेवणाऱ्या एक मावशी म्हणाल्या, “बाराशे साठ.” कसं काढलंत म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, “मॅडम, पन्नास तर दर महिन्याचे आहेतच, ते सहाशे बाजूला ठेवले. मग नुसते वरचे मोजले, दहा, वीस, तीस, एकशे दहापर्यंत. ते झाले सहाशे साठ.” सूत्रही नेमकं हेच करतं: मूळ पद बारा वेळा, आणि वाढीव वेगळी. त्या दिवशी मी सूत्र त्यांच्या बोलण्यातूनच फळ्यावर मांडलं. पुढच्या आठवड्यात बंद वहीच्या प्रश्नाला वर्गातल्या कितीतरी जणांनी ‘आधी बाजूचे, मग वरचे’ असंच लिहिलं.

दुसरं उदाहरण अर्थनियोजनाच्या धड्यातलं. सिमेंटच्या पोत्याची करपात्र किंमत ३०० रुपये, दर २८ टक्के, म्हणजे जीएसटी ८४. केंद्राचा ४२, राज्याचा ४२. बांधकाम साहित्याच्या दुकानात बिलं करणारा एक दादा मध्येच म्हणाला, “मॅडम, हा दर आता नाही. बावीस सप्टेंबरपासून अठरा आहे.” बरोबर होतं त्याचं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंट २८ वरून १८ वर आलंय. तेच उदाहरण पुन्हा केलं: ५४ रुपये, सत्तावीस-सत्तावीस. मग मी सगळ्यांना घरातलं एकेक बिल आणायला सांगितलं, औषधाचं, किराणाचं, मोबाइलचं. परीक्षेत प्रश्नात दिलेलाच दर धरायचा, हेही त्यानिमित्ताने पक्कं झालं. या माणसांपुढे कार्टून नाचवून काय शिकवणार होतो आपण?

आणि गुण, बिल्ले, नंबर. माझ्या पहिल्या बॅचला मी दर शनिवारी ग्रुपवर गुणांची यादी टाकायची, वरपासून खालपर्यंत. तिसऱ्या शनिवारी रात्रपाळीला वॉचमनचं काम करणारे एक काका ग्रुपमधून बाहेर पडले. फोन केला तर मुलीने उचलला. म्हणाली, “बाबा म्हणाले, शाळेतपण शेवटचाच नंबर असायचा.” तीस वर्षांपूर्वी ज्या गोष्टीने त्यांना शाळेबाहेर घालवलं होतं, तीच मी नव्या मोबाइलवर आणून दिली होती. यादी त्या दिवशी बंद केली. काकांना परत आणायला मला दोन महिने लागले. काही ठिकाणी खेळाने उत्साह येतही असेल, पण जिथे माणसं एकदा हरून आलेली आहेत तिथे नंबर लावू नका, हे मी ठामपणे सांगेन.

राहिला शंभरातल्या तीन-चारांचा मुद्दा. हा आकडा मात्र खरा आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या खुल्या कोर्सवरच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २०१७-१८ साली सगळ्या नोंदणी करणाऱ्यांपैकी ३.१३ टक्क्यांनीच कोर्स पूर्ण केला होता. पण त्याच अभ्यासात, प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांमध्ये हे प्रमाण ४६ टक्के होतं. फुकट नाव नोंदवून नुसतं डोकावणारा आणि ठरवून आलेला, दोघांना एकाच टोपलीत मोजून ‘मोठी माणसं गंभीर नसतात’ म्हणणं हा चुकीचा हिशेब आहे. पुण्यातच १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी कष्टकऱ्यांसाठी आपल्या घरी रात्रशाळा काढली, तेव्हा दिवसभर राबलेली माणसं दिव्याच्या उजेडात बसायला आलीच की.

गळती माझ्याकडेही होते. कुणी सलग दोन वर्ग चुकवले की मी फोन करते. आधी विचारायची, “का आला नाहीत?” त्यावर लोक माफी मागायचे आणि पुन्हा यायचे नाहीत. आता विचारते, “सध्या किती वाजता मोकळ्या होता?” मग कळतं की कामाची वेळ बदलली, मुलाला टायफॉइड झालाय, फोन नवऱ्याबरोबर गावी गेलाय. त्यावर काहीतरी करता येतं. या सोमवारी एकीने सांगितलं, “पहाटे पाच ते पावणेसहा, मॅडम, पाणी भरायच्या आधी.” तिला रात्रीचे तीन प्रश्न आता पाचला जातात, आणि सहाच्या आत मागच्या पानाचा फोटो येतो.