ओपीडीची गर्दी आणि आमच्या मावशी

घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा चांगलीच जुंपली, विषय काय तर मनपाचे दवाखाने कामाचे आहेत का. काका म्हणे ओपीडीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणजे चालतायत की. मी इकडे बोस्टनमध्ये ते वाचत होते आणि मला आईकडे कामाला येणाऱ्या मावशी आठवल्या. जनता वसाहतीत राहतात, बीपी आहे, सकाळी सातपासून पाच घरची धुणीभांडी करून दोनला मोकळ्या होतात आणि तोवर त्यांच्या जवळच्या दवाखान्याची ओपीडी आटोपलेली, मग गल्लीतल्या डॉक्टरकडे पैसे मोजायचे आणि महिन्याच्या गोळ्या पंधरा दिवसांच्याच घ्यायच्या. काकांच्या गर्दीत या बाई आहेतच कुठे?

इकडे पण गरिबांसाठी हेल्थ सेंटर्स आहेत. पहिलं 1965 मध्ये इथेच, बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत गायगर आणि गिब्सन या दोन डॉक्टरांनी काढलं, आणि गायगर ही कल्पना शिकला होता दक्षिण आफ्रिकेतल्या फोलेला गावच्या आरोग्य केंद्रात, त्यामुळे 'अमेरिकेचं कौतुक पुरे' म्हणू नका. आज देशभर अशा साधारण 1,400 संस्था आहेत, 3 कोटींवर लोक जातात, फी कमाईप्रमाणे. मला आवडतात त्या दोन गोष्टी वेगळ्याच. एक, बीपीच्या पेशंटपैकी किती जणांचं 140/90 च्या खाली आलं हे दरवर्षी सरकारला कळवावं लागतं, नुसती डोकी मोजून भागत नाही. दुसरी, संचालक मंडळात किमान 51 टक्के माणसं तिथले पेशंटच हवेत!

बाकी इथेही रडगाणी आहेतच. इन्शुरन्स नसेल तर सेंटरपर्यंत ठीक, पुढे स्पेशालिस्टकडे पाठवलं की बिल बघून माणूस घरीच बसतो. आणि आशाताईसारखं दारात येऊन विचारणारं कुणी मी तरी इथे पाहिलं नाही, ते आपलंच भारी आहे.

आपल्याकडचं शहरी आरोग्य अभियान 2013 चं, 50 हजार लोकांमागे एक केंद्र हा त्यातला हिशोब. पण केंद्र किती वाजेपर्यंत उघडं ठेवायचं हे मावशींना कुणी विचारलंय का?

आईला म्हटलं तूच विचार, दवाखान्याच्या समितीवर बसाल का म्हणून. मावशी म्हणाल्या, "बसते की, मीटिंग दोननंतर ठेवा म्हणावं."