आरएक्स १००च्या पुढच्या शॉकअपला जाड ऑइल हे औषध नाही

यामाहाची जुनी आरएक्स १०० मोटरसायकल बाळगणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरतो: ब्रेक मारल्यावर पुढचा शॉकअप फार खाली बसत असेल तर त्यात वीस-चाळीसचं (20W-40) जाड इंजिन ऑइल भरा, स्प्रिंगवर दोन वॉशर टाका आणि खिशात पैसे असतील तर सरळ केटीएम ड्यूकचे उलटे (जाड नळी वर असलेले) शॉकअप चढवा. तक्रार खरी आहे, पण हे तिन्ही इलाज मला पटत नाहीत. पहिले दोन मी स्वतःच्या गाडीवर करून पाहिलेत.

आधी ऑइल. वजन पेलते ती स्प्रिंग. ऑइल फक्त तिच्या हालचालीचा वेग आवरतं. आत एक पोकळ दांडी असते, तिला ठरावीक मापाची भोकं असतात आणि ऑइलला त्यातूनच ये-जा करावी लागते. ब्रेक धरून ठेवलात तर जाड ऑइलही हळूहळू सरकतं, पुढचं तोंड तेवढंच खाली जातं, फक्त जरा उशिरा. खड्ड्याच्या कडेला मात्र ऑइलला क्षणात निसटावं लागतं. वेग दुप्पट झाला की अशा भोकातला विरोध साधारण चौपट होतो, आणि तो दणका थेट मनगटात येतो. रंबलरवर, म्हणजे रस्त्यावरच्या ओळीनं आखलेल्या उंच पट्ट्यांवर, तर माझा शॉकअप पहिल्या पट्टीला दबला की दुसरीपर्यंत वर यायचाच नाही. चौथ्या-पाचव्या पट्टीला पुढचं चाक नुसतं आदळत होतं.

फोर्क म्हणजे हा पुढचा शॉकअप. फोर्क ऑइलच्या डब्यावरचा १० किंवा १५ हा आकडाही सगळ्या कंपन्यांचा सारखा नसतो. ४० अंशांवरचे सेंटिस्टोक्स (ऑइलच्या दाटपणाचं माप) ताडून बघा.

आता वॉशर. वॉशरनं स्प्रिंग कडक होत नाही. तिचा कडकपणा तारेची जाडी, वेटोळ्याचा व्यास आणि वेढ्यांची संख्या यांवर ठरतो. वॉशर फक्त गाडीची उंची लावतो, आणि ती लावायची तर आधी मोजा. फोर्क पाइपला केबल टाय बांधा. हेल्मेट-बूट घालून गाडीवर बसा, मित्राला टाय सीलला (पाइपभोवतीच्या रबरी कडीला) टेकवायला सांगा. मग अलगद उतरून गाडी मधल्या स्टँडवर घ्या, पुढचं चाक अधांतरी करा आणि टाय व सीलमधलं अंतर मोजा. शॉकअपच्या एकूण चालीच्या पाव ते एक-तृतीयांश आलं तर ठीक. माझं बरंच जास्त आलं. जुनी स्प्रिंग नव्या स्प्रिंगशेजारी उभी केली तर नखाएवढी खुजी निघाली!

ड्यूक ३९०चा फोर्क ४३ मिमीचा, चाक १७ इंची, गाडी आरएक्सपेक्षा कितीतरी जड. त्या वजनासाठी केलेली स्प्रिंग शंभरेक किलोच्या गाडीखाली नीट दबतच नाही. शिवाय आरएक्सचं चाक १८ इंची. फोर्कची लांबी, टीचा (दोन्ही पाइप धरणाऱ्या पट्टीचा) ऑफसेट म्हणजे पाइप हँडलच्या दांड्यापासून किती पुढे ते अंतर, चाक हे सगळं एकदम बदललं की ट्रेल बदलतो, म्हणजे हँडलच्या दांड्याची रेष आणि चाक जमिनीला जिथे टेकतात त्यांमधलं अंतर. गाडी सरळ धावते ती त्याच्यावर. ड्रम ब्रेकच्या हिशोबानं बांधलेल्या चॅसिसच्या मानेवर (हँडलचा दांडा बसतो त्या भागावर) डिस्क ब्रेकचा ताण येतो तो वेगळाच. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९चा निकालही कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायच्या विरोधात आहेत.

माझी गाडी सुधारली ती नव्या स्प्रिंगा, नवे ऑइल सील आणि दोन्ही पाइपांत समान उंचीवर भरलेल्या योग्य ऑइलनं. कोनसेटही (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) बदलला, त्यात बेअरिंगच्या गोळ्यांनी खळगे पाडले होते, हँडल मधोमध आलं की टक्कन अडकायचं. इतकी वर्षं त्याचाही दोष मी शॉकअपलाच देत होतो.