चॅप्टर लावला, म्हणजे नक्की काय केलं?

गणपती तोंडावर आले की पोलीस ठाण्याचा हवालदार बगलेत गठ्ठा मारून आमच्या तहसील कार्यालयात हजर. "भाऊसाहेब, चॅप्टर आणलेत." चॅप्टर म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या आठव्या अध्यायातले, माणसाकडून आधीच हमी लिहून घेण्याचे प्रस्ताव. निवडणुकीच्या आधी हाच गठ्ठा दुप्पट जाड व्हायचा. फौजदारीचं टेबल माझ्याकडे सात वर्षं होतं. आता निवृत्त आहे, म्हणून मोकळेपणानं लिहितो.

परवा पेपरात नेहमीची बातमी होती: सराईत गुन्हेगारांवर प्रतिबंधात्मक कारवाई, चांगल्या वर्तणुकीचे बाँड घेतले. टपरीवर सगळे खूश. एकानं विचारलं, "म्हणजे आत टाकलं ना?" नाही हो. लिहून घेतलं आणि सोडलं.

बांधावरून भाऊ-भाऊ कुऱ्हाडी काढायला निघाले की कलम १०७, शांतता राखण्याचा बाँड, जास्तीत जास्त एक वर्षाचा. सराईतासाठी ११०, चांगल्या वर्तणुकीचा बाँड, तीन वर्षांपर्यंतचा. १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत त्यांचे आकडे १२६ आणि १२९ झाले, पण आमच्याकडे अजून 'एकशे दहा'च चालतं. ही झालेल्या गुन्ह्याची शिक्षा नव्हे. पुढे करणार नाही, याची हमी आहे.

ही तरतूदच नको, असं मी म्हणणार नाही. बाजारपेठेत हप्ता मागणाऱ्याविरुद्ध कोर्टात उभा राहणारा एक दुकानदार दाखवा. अशा हप्तेखोरासाठीच कायद्यानं एक वेगळी सोय ठेवली आहे: तो सराईत आहे हे त्याच्या गावातल्या लौकिकावरूनही सिद्ध करता येतं. साधा फौजदारी खटला लौकिकावर उभा राहत नाही, इथे राहतो. म्हणूनच हे हत्यार जपून वापरायचं.

आता गंमत ऐका. या ११० मध्ये फक्त चोर, घरफोडे आणि गुंड नाहीत. साठेबाज आहेत, अन्नात आणि औषधात भेसळ करणारे आहेत, कामगारांचा पीएफ बुडवणारे मालक आहेत, अस्पृश्यता पाळल्याबद्दलचे गुन्हे वारंवार करणारेही आहेत. पांढऱ्यावर काळं लिहिलेलं आहे. सात वर्षांत भेसळवाल्या व्यापाऱ्याची एकही फाईल माझ्या टेबलावर आली नाही. दिवाळीत खव्याच्या बातम्या मात्र दरवर्षी यायच्या.

मग फाईल कुणाची यायची? वस्तीवरच्या पारध्याची. दहा वर्षांपूर्वीची एक चोरी, पुढे काही नाही, पण नाव यादीत ते यादीतच. १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या, १९५२ मध्ये तो कायदा गेला, हे आपण शाळेत शिकतो. ठाण्यातल्या यादीला ते कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आणि जामीनदार! साहेब म्हणणार, लायक जामीनदार आणा. लायक म्हणजे सातबारावर नाव असलेला, ऐपतीचा दाखला देऊ शकणारा. खरा दादा येतो तेव्हा त्याच्यामागे पांढऱ्या कपड्यातले तीन जामीनदार चालत येतात, अर्ध्या तासात सह्या करून खाली गाडीत बसतात. पारधी कुणाचा सातबारा आणणार? हमी देता आली नाही तर तुरुंग, आणि तोही बाँडच्या मुदतीपर्यंत जाऊ शकतो. रक्कम परिस्थिती पाहून ठरवावी, भारी नसावी, असं कायदाच सांगतो. आमच्याकडे मात्र आकडा आधीच छापलेला असायचा, नाव तेवढं कोरं.

हे छापील कागद पाहिले की मला मधू लिमये आठवायचे. पुण्याचा माणूस, बिहारमधल्या मुंगेरचा खासदार. त्यांच्याच प्रकरणात १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी हा सगळा अध्याय वैध ठरवला, पण एक ताकीद दिली: माहिती नेमकी काय आहे ते आदेशात लिहा, आणि चौकशी सुरू न करताच तात्पुरता बाँड मागू नका. आमच्या नोटिशीत काय असायचं? 'सदर इसम हा दांडगाईखोर व भांडखोर प्रवृत्तीचा असून…' शंभर माणसं, एकच प्रवृत्ती.

तालुक्यात निदान पोलीस प्रस्ताव पाठवतात आणि तहसीलदार किंवा प्रांत निकाल देतात. आयुक्तालय असलेल्या शहरात हे अधिकार सहायक पोलीस आयुक्ताकडे असतात. मागणारा आणि ठरवणारा एकाच खात्यातले. मला हे कधीच पटलं नाही.

माझं मत विचाराल तर शंभरच्या गठ्ठ्याऐवजी पाच नावं आणा, पण खरी. प्रत्येकाचं काय-काय, तारखेनिशी लिहा. सहा महिन्यांत चौकशी संपवायची मुदत आहे, ती पाळा, नाहीतर खास कारण लिहून वाढवून न घेतलेली चौकशी आपोआप संपते आणि दादा पेढे वाटतो. मुदतीत त्यानं कैदेची शिक्षा असलेला कुठलाही गुन्हा केला की बाँड मोडला. मग रक्कम वसूल करा, त्याच्याकडून आणि त्या पांढऱ्या कपड्यातल्या तिघांकडूनही. एकदा तिघांच्या सातबारावर बोजा चढू दे, चौथा जामीनदार मिळतो का बघू.

आमच्या रजिस्टरला शेवटचा रकाना 'बाँड भंग झाल्यास वसूल रक्कम' असा होता. मी टेबल सोडलं तेव्हा पुढच्या कारकुनानं विचारलं, यात काय लिहायचं? म्हटलं, माहीत नाही बाबा, माझ्यावर कधी लिहायची वेळ आली नाही.